अंगावरून वारं गेल्यावर

सकाळची वेळ. आजोबा ओसरीवर चहा घेत बसले आहेत. एकाएकी त्यांच्या उजव्या हातातून कप निसटतो. खाली वाकून ते तो उचलू पाहतात, पण हात हलत नाही. काही बोलू जातात तर शब्द जड आणि बोबडे येतात. तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसते. घरात धावपळ उडते. शेजारचे कोणीतरी म्हणते, "अंगावरून वारं गेलं वाटतं!"

विद्यार्थी मित्रांनो, हे शब्द तुमच्यापैकी अनेकांनी घरी किंवा गावी ऐकले असतील. कोणी याला लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात. डॉक्टर पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. शरीरातला वायू बिघडला की अंग लुळे पडते, अशी जुनी समजूत होती. ती समजूत गेली तरी शब्द भाषेत राहून गेले. प्रत्यक्षात आजोबांच्या हाताचे स्नायू, हाडे आणि सांधे कालच्याइतकेच धड आहेत. बिघाड झाला आहे तो मेंदूत, आणि तोही मेंदूच्या डाव्या बाजूस. शरीराच्या उजव्या बाजूची सूत्रे डाव्या मेंदूकडे असतात आणि डाव्या बाजूची उजव्या मेंदूकडे, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच.

लुळा पडलेला हात पुष्कळदा काही महिन्यांत थोडाफार हलू लागतो. तो कशामुळे? आणि दम लागेल असे चालणे किंवा सायकल चालवणे यांचा त्या कामी उपयोग होतो का? पाय चालवल्याने हाताला काही शिकता येईल, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. गेल्या तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी हा प्रश्न उंदरांना, माकडांना आणि शेवटी रुग्णांना घेऊन तपासला आहे. उत्तर सरळ 'होय' किंवा 'नाही' असे आलेले नाही, आणि ते जसे आले तसेच समजून घेण्यात मौज आहे.

हातावर पोट असलेला मेंदू

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम असते, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. एवढा खादाड असूनही त्याच्याजवळ साठा म्हणून जवळजवळ काही नसतो. हातावर पोट असलेल्या माणसासारखी त्याची स्थिती. रक्त आले तर चूल पेटली, नाही तर उपास.

मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्त बाहेर सांडले, की पक्षाघात होतो. गुठळीचा प्रकार अधिक आढळतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये अमेरिकेत मांडण्यात आला. म्हणून चेहरा वाकडा होणे, हात न उचलणे आणि बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर घड्याळात वेळ पाहून ठेवावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन काढून आत रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहावे लागते. तेल चोळत किंवा उतारा टाकत घरी बसण्याइतका वेळ हातात नसतो. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आपण आजोबा दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पाहू.

पूल गेला, वाट राहिली

मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या उगवत नाहीत. त्वचा भरून येते, हाड जुळते, तसे मेंदूचे होत नाही. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे मत मांडले होते की, प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात. पुढे १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी तयार होताना दाखवल्या. तेव्हा त्या मतास पहिला मोठा तडा गेला. पण हिप्पोकॅम्पसचा संबंध मुख्यतः आठवणींशी आहे. हात हलवणाऱ्या भागातले भगदाड नव्या पेशींनी भरून निघते, असा अर्थ यातून काढू नये.

मग हात हलू लागतो तो कसा? सुरुवातीची काही सुधारणा आपोआप होते. मेलेल्या भागाभोवतीची सूज उतरते. जवळच्या ज्या पेशी अर्धपोटी राहून गप्प झालेल्या असतात, त्या पुन्हा बोलू लागतात. याहून महत्त्वाचा भाग मात्र वेगळा आहे. ओढ्यावरचा पूल पुरात वाहून गेला तर गावकरी काय करतात? वरच्या अंगाला कुठे उतार आहे ते पाहून तिकडून जाऊ लागतात. पहिल्या दिवशी तिथे काटेकुटे असतात. महिनाभर माणसे आणि गुरे ये-जा करत राहिली की चांगली पायवाट पडते. मेंदूतही वाचलेल्या पेशी एकमेकींशी नवे संबंध जोडतात, जुने दुबळे संबंध बळकट करतात आणि गेलेल्या पेशींचे काही काम अंगावर घेतात. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. वारंवार वापरलेला सिनॅप्स अधिक जोमदार होतो, ही गोष्ट टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूवर प्रयोग करून दाखवली.

वाट पडायची तर तिच्यावरून चालावे लागते, हे अमेरिकेतील रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये फार सुंदर रीतीने दाखवले. स्क्विरल मंकी जातीच्या लहान माकडांच्या मेंदूचा नकाशा त्यांनी तयार केला. कोणत्या ठिकाणी विजेचा हलकासा स्पर्श केला असता बोटे हलतात, कुठे कोपर, कुठे खांदा, हे त्यात नोंदलेले होते. मग बोटांच्या प्रदेशातला एक लहान भाग त्यांनी निकामी केला. काही माकडांना नंतर काहीच शिकवले नाही. त्यांच्या मेंदूत बोटांचा उरलेला धड प्रदेशही आकसत गेला! दुसऱ्या माकडांना रोज छोट्या खळग्यांतून बोटांनी खाऊ काढण्याचा सराव दिला. खळगा जितका लहान तितके बोटांचे काम नाजूक. या माकडांचा बोटांचा प्रदेश टिकला आणि काहींच्या बाबतीत तर शेजारच्या कोपराच्या व खांद्याच्या मुलुखात पसरला.

या प्रयोगात माकडे धावली नव्हती, हे ध्यानात ठेवा. त्यांनी फक्त बोटांचा सराव केला होता. आजोबांना पुन्हा घास हातात धरता यायला हवा असेल, तर घास धरण्याचाच सराव हवा. मग दम लागणाऱ्या व्यायामाचा इथे संबंध कुठे येतो?

उंदीर धावला आणि मेंदूत काय झाले

'एरोबिक' हा शब्द प्राणवायूवर जगणाऱ्या जीवाणूंसाठी फार आधीपासून वापरात होता. व्यायामाच्या संदर्भात तो लोकांच्या तोंडी आला तो १९६८ मध्ये, अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या 'एरोबिक्स' या पुस्तकामुळे. भरभर चालणे, धावणे, पोहणे, सायकल, दोरीवरच्या उड्या असे जे व्यायाम मोठे स्नायू तालात बराच वेळ कामास लावतात आणि ज्यात शरीर प्राणवायू वापरून शक्ती मिळवत राहते, ते एरोबिक व्यायाम. वजन उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा एक छोटा झटका यात येत नाही. आपल्याकडचा पहाटे टेकडीवर चढून येण्याचा परिपाठ मात्र अस्सल एरोबिक आहे, त्यासाठी कूपरसाहेबांचे पुस्तक वाचावे लागत नाही.

असा व्यायाम करताना हृदय जोरात चालते आणि रक्त अधिक फिरते, एवढे सर्वांना ठाऊक असते. मेंदूच्या आत याहून अधिक काही घडते. १९८२ मध्ये इव्ह-अलेन बार्ड, हान्स थोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून एक प्रथिन अगदी अल्प प्रमाणात वेगळे केले. ते मिळाले तर चेतापेशी जगतात आणि त्यांना फाटे फुटतात. या प्रथिनाचे नाव लांबलचक आहे. सगळे शास्त्रज्ञ त्याला बीडीएनएफ म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९९५ मध्ये कार्ल कॉटमन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यात फिरते चक्र ठेवण्यात आले. उंदीर रात्री हौसेने त्यात धावतात, त्यांना कोणी धावायला लावत नाही. काही रात्रींनंतर पाहिले तो, धावलेल्या उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ बनवण्याची आज्ञा अधिक जोराने सुटलेली आढळली. १९९९ मध्ये हेन्रिएट फान प्राग आणि फ्रेड गेज यांच्या गटाने दाखवले की, धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची संख्याही वाढते.

याखेरीज व्यायामाने मेंदूत नव्या केशवाहिन्या फुटण्यास मदत होते. जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट पूर्वी निव्वळ टाकाऊ समजले जाई. आता कळले आहे की मेंदू ते इंधन म्हणून वापरतो.

थोडक्यात, व्यायामाने पेरणी होत नाही, वाफसा येतो. शेतकऱ्यांच्या मुलांना वाफसा म्हणजे काय ते सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. पाऊस पडून गेल्यावर माती चिखलासारखी ओलीही नाही आणि कोरडीही नाही, मूठभर घेऊन दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर फुटतो, अशी जी स्थिती असते तिला वाफसा म्हणतात. त्या स्थितीत बी टाकले तर उत्तम रुजते. नुसता वाफसा येऊन बी टाकलेच नाही, तर त्या शेतात फार तर गवत उगवेल. इथे बी म्हणजे त्या त्या हालचालीचा सराव.

आज शिकले, उद्या राहिले का?

तुम्ही सायकल शिकलात तेव्हाचे आठवून पाहा. पूर्वी मोठी सायकल असे आणि मुले दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकत. एका संध्याकाळी तोल सावरता आला असे वाटे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धडपड! हालचाल शिकण्याचे दोन भाग आहेत. सराव करत असताना होणारी सुधारणा हा एक, आणि सराव संपल्यावर काही तासांत ती मेंदूत पक्की बसणे हा दुसरा. ओल्या सिमेंटवर उमटवलेला ठसा वाळून घट्ट व्हावा तसा हा दुसरा भाग आहे. या घट्ट होण्याच्या काळात व्यायामाने काही मदत होते का?

मार्क रॉइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच प्रश्नावर होता. ४८ तरुणांना पडद्यावर सरकणाऱ्या रेषेचा हाताने अचूक माग काढण्याचे कौशल्य शिकवण्यात आले. एका गटाने शिकण्याआधी जोराने सायकल मारली, दुसऱ्याने शिकल्यावर लगेच मारली, तिसरा गट स्वस्थ बसला. शिकण्याचा वेग तिन्ही गटांचा सारखाच होता. पण एक दिवसाने आणि सात दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा सायकल मारणाऱ्या दोन्ही गटांच्या हातात कौशल्य अधिक टिकलेले दिसले. सात दिवसांनंतर सर्वांत पुढे होता तो शिकल्यानंतर व्यायाम केलेला गट. सायकल पायांनी मारली आणि उपयोग हाताला झाला, कारण दोघांचा धनी एकच.

ही झाली धडधाकट तरुणांची गोष्ट. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे याच संशोधकाच्या गटाने २०१७ मध्ये पक्षाघाताच्या २२ जुन्या रुग्णांवर असा प्रयोग केला. रुग्णांनी दुबळ्या हाताने एक कौशल्य शिकले. मग काहींनी सुमारे १५ मिनिटे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असा व्यायाम केला, बाकीच्यांनी विश्रांती घेतली. दुसऱ्या दिवशी व्यायाम केलेल्यांच्या हातात ते कौशल्य अधिक राहिले होते. २२ ही संख्या फार लहान आहे. शिवाय चालण्याच्या नव्या पद्धती शिकवून केलेल्या काही प्रयोगांत असा फायदा दिसून आला नाही. म्हणून या निष्कर्षाचे मोल 'आशादायक' एवढेच धरावे, त्याहून जास्त नको.

घाई केली तर

आता इथे तुम्हाला वाटेल की व्यायाम इतका चांगला, तर आजोबांना दवाखान्यातल्या पहिल्याच दिवशी उभे करावे आणि भरपूर चालवावे. पुष्कळ डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. ते तपासण्यासाठी ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियातून एक प्रचंड चाचणी आखण्यात आली. ५ देश, ५६ रुग्णालये, २,१०४ रुग्ण. निम्म्या रुग्णांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्या निम्म्यांना पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत अंथरुणातून उठवून बसवणे, उभे करणे, चालवणे सुरू केले आणि दिवसातून अनेक वेळा तसे केले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. २०१५ मध्ये निकाल लागला. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात ५० टक्के होते आणि लवकर व जास्त हालचाल करवलेल्या गटात ४६ टक्के. म्हणजे घाईने फायदा झाला नाहीच, थोडा तोटा झाला.

मला ही चाचणी फार आवडते. ज्या लोकांची खात्री होती की लवकर हालचाल चांगली, त्यांनीच ती करून पाहिली आणि उलटा निकाल लपवून न ठेवता छापला.

तोटा का झाला असेल, याची एक खूण उंदरांच्या प्रयोगात आधीच मिळाली होती. १९९६ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या उंदरांचा चांगला पाय बांधून टाकला आणि दुबळा पाय पहिल्याच दिवसांपासून सक्तीने वापरायला लावला. परिणामी मेंदूतील जखम मोठी झाली. इजेनंतर पहिल्या दिवसांत काठावरच्या पेशी जगू की मरू अशा अवस्थेत असतात. त्यांना त्या वेळी कामाला जुंपणे म्हणजे चिखलात नांगर घालणे. नांगरही रुततो आणि मातीही बिघडते.

उशीर केला तरी चालत नाही. कॅनडात डेल कॉर्बेट यांच्या प्रयोगशाळेत २००४ मध्ये उंदरांच्या तीन गटांना सारखाच सराव दिला, पण एकाला पक्षाघातानंतर ५ दिवसांनी, दुसऱ्याला १४ दिवसांनी आणि तिसऱ्याला ३० दिवसांनी. पहिला गट पुष्कळ सुधारला, दुसरा थोडा. तिसऱ्या गटात आणि सराव न मिळालेल्या उंदरांत फरक उरला नाही. उंदराचे दिवस माणसाला लागू करता येत नाहीत. म्हणून अमेरिकेत ७२ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा २० तास जादा सराव वेगवेगळ्या काळात देऊन पाहिला. सर्वांत जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान दिलेल्या सरावाचा झाला. पहिल्या महिन्यात दिलेल्याचा त्याहून कमी झाला. सहा महिने उलटून गेल्यावर दिलेल्याचा ठळक फायदा दिसला नाही. वाफसा केव्हा येतो आणि केव्हा जातो, त्याचा हा पहिला अंदाज.

आणि एरोबिक व्यायामाचे काय? जर्मनीतील २०० रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. पक्षाघातानंतर ५ ते ४५ दिवसांच्या काळात निम्म्या रुग्णांना चार आठवडे चालत्या पट्ट्यावर व्यायाम दिला, उरलेल्यांना तेवढाच वेळ अंग सैल सोडून विश्रांती घ्यायला शिकवले. तीन महिन्यांनी चालण्याच्या वेगात आणि रोजची कामे स्वतः करण्याच्या क्षमतेत दोन्ही गट सारखेच निघाले. उलट गंभीर तक्रारी व्यायामाच्या गटात २२ आणि विश्रांतीच्या गटात ९ झाल्या.

हे वाचून व्यायामावरचा विश्वास उडू देऊ नका. बीडीएनएफ वाढले म्हणजे रुग्ण सुधारलाच, अशी उडी मारता येत नाही, एवढेच यातून दिसते. उंदराच्या मेंदूत जे घडते ते आजोबांच्या हातापर्यंत पोचेतो वाटेत वय, रक्तदाब, मधुमेह, जखमेची जागा, जखमेचा आकार अशी कितीतरी नाकी लागतात.

महिने गेल्यावर

पक्षाघात होऊन सहा महिने किंवा वर्ष उलटलेल्या रुग्णांत मात्र एरोबिक व्यायामाची बाजू भक्कम आहे. अशा रुग्णाचा दम अनेकदा बरोबरीच्या निरोगी माणसाच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. त्यात एक पाय ओढत चालायला शक्ती जास्त लागते. म्हणजे उत्पन्न निम्मे आणि खर्च वाढलेला! साहजिकच माणूस चालणे टाळतो, टाळल्याने आणखी दुबळा होतो. घरची माणसे प्रेमापोटी म्हणतात, "तुम्ही बसा हो, आम्ही आणतो." पाण्याचा तांब्याही हातात मिळतो. मग सरावाला जागा उरत नाही. माझ्या मते पक्षाघाताच्या रुग्णाचे जेवढे नुकसान दुर्लक्षाने होते, जवळजवळ तेवढेच अशा मायेने होते.

अमेरिकेत रिचर्ड मॅको यांच्या गटाने २००५ मध्ये ६१ जुन्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत, सहा महिने चालत्या पट्ट्यावर व्यायाम केलेल्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १७ टक्क्यांनी वाढली. याच परंपरेतील २००८ च्या अभ्यासात रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा व्यायाम केलेल्यांचे अनुमस्तिष्क आणि मध्यमेंदू पाय हलवताना अधिक कामास लागलेले दिसले. वरचा पूल गेल्यावर खालची वाट वापरात आली, असे म्हणता येईल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५५ रुग्णांच्या चाचणीत थोडा वेळ शक्य तितके जोरात आणि मध्ये विश्रांती असे चालणाऱ्यांनी १२ आठवड्यांनंतर सहा मिनिटांत पूर्वीपेक्षा सरासरी ७१ मीटर जास्त अंतर कापले. मध्यम गतीने सलग चालणाऱ्यांची वाढ २७ मीटर होती. ७१ मीटर म्हणजे काय? एखाद्याच्या बाबतीत एवढ्यातच घर ते पारावरच्या मित्रांपर्यंतचे अंतर बसते.

हे सर्व व्यायाम डॉक्टरांनी हृदय आणि रक्तदाब तपासल्यानंतर, भौतिकोपचारतज्ज्ञाच्या नजरेखाली सुरू करायचे असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये केलेली शिफारस आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटे अशी आहे. ती वेळ एका दमात पुरी करण्याचे बंधन नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. नाडी मोजून जोर ठरवण्याची रीत तुम्हाला खेळाच्या शिक्षकांनी शिकवली असेल. पण आजोबांच्या बाबतीत ती फसू शकते, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती मुद्दामच कमी ठेवतात. सोपी खूण अशी की, मध्यम व्यायाम चालू असताना माणसाला बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. छातीत दुखले, चक्कर आली, की तत्काळ थांबायचे.

आणि चालून आल्यावर लगेच हाताचा सराव घ्यायचा, किंवा आधी सराव आणि मग चालणे. वाट्या एकात एक ठेवणे, शेंगा सोलणे, सदऱ्याचे बटण लावणे, जे काम आजोबांना पुन्हा करावेसे वाटते तेच. नातवंडाने समोर बसून मोजत राहायचे. काल सात बटणे लागली होती, आज आठ लागली, हे वहीत लिहून ठेवायचे.

आरशातली चांदणी

वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. कागदावर पाच कोनांची चांदणी काढा. तिच्या आत साधारण अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून दुसरी चांदणी काढा. दोन रेषांमध्ये एक अरुंद गल्ली तयार होईल. कागदापलीकडे आरसा उभा करा आणि हातावर वहीचा आडोसा धरा, म्हणजे हात थेट न दिसता फक्त आरशात दिसेल. आता आरशात पाहत पेन्सिल गल्लीतून फिरवा. सोपे वाटते? करून पाहा! हात भलतीकडेच जाईल. लुळ्या हाताला आज्ञा देताना आजोबांना काय वाटत असेल, त्याची थोडी चव तुम्हाला इथे मिळेल.

प्रत्येकाने दहा वेळा सराव करावा. दर वेळी लागलेले सेकंद आणि रेषा ओलांडल्याच्या चुका नोंदवाव्यात. मग शिक्षकांनी नाणे उडवून प्रत्येकाचा गट ठरवावा. एका गटाने लगेच पंधरा मिनिटे दोरीवरच्या उड्या किंवा धावणे करावे, एक मिनिट जोरात आणि एक मिनिट सावकाश. दुसऱ्या गटाने तेवढा वेळ बसून वाचावे. ज्यांना दमा, हृदयाचा त्रास किंवा ताप असेल त्यांनी धावू नये, मोजणीचे काम घ्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सर्वांनी तीन-तीन वेळा चांदणी काढावी आणि आदल्या दिवशीच्या शेवटच्या तीन खेपांशी तुलना करावी. वीस-तीस मुलांत फरक दिसेलच असे नाही. दोन-तीन तुकड्यांचे आकडे एकत्र केले तर बरे.

एक काळजी अवश्य घ्या. दुसऱ्या दिवशी चुका मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात होते ते कळता कामा नये. नाहीतर मित्र धावलेला होता हे ठाऊक असल्याने त्याची एखादी चूक नकळत सोडून दिली जाते. गटांची यादी पाकिटात घालून शिक्षकांकडे द्या आणि सगळी मोजणी संपल्यावरच पाकीट उघडा.